पहाडावरची गाडी आणि धुराचे रंग

गडचांदूरहून जिवतीला यायचे म्हणजे माणिकगडचा पहाड चढावा लागतो. आमच्याकडे जिवती तालुक्याला कोणी तालुका म्हणत नाही, 'पहाड' म्हणतात. 'पहाडावर चाललो', 'पहाडावरून आलो' अशीच भाषा. डिसेंबर-जानेवारीत कापसाची वेचणी जोरात असते तेव्हा या घाटात पिकअप गाड्यांची रांग लागते. कापूस भरलेली गाडी खाली उतरते, किराणा, सिमेंट, खताची पोती घेऊन वर चढते. एखाद्या वळणावर उभे राहिलात तर गाडी दिसण्याआधी तिचा आवाज येतो आणि गाडी गेल्यावर तिचा धूर मागे रेंगाळतो. माझे आयुष्य हा आवाज ऐकण्यात आणि हा धूर पाहण्यात गेले. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मी डिझेल मेकॅनिक या व्यवसायाचा शिल्पनिदेशक होतो. इंजिनाचे दुखणे ओळखायला माणूस कसा शिकत गेला आणि ती विद्या आमच्या पहाडापर्यंत कशी पोचली, त्याची हकिकत आज सांगायची आहे. त्यात माझी एक चूकही आहे. तीही सांगणार आहे.

आधी पहाडाविषयी थोडे. हा सगळा राजुऱ्याचा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९४८ साली संस्थान भारतात सामील झाले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत राजुरा तालुका आदिलाबादमधून निघून नांदेड जिल्ह्यात आला आणि १९५९ मध्ये तेव्हाच्या चांदा जिल्ह्याला जोडला गेला. जिवती तेव्हा राजुऱ्यातच मोडत असे. वेगळा तालुका पुष्कळ नंतर झाला. डोंगरावर गोंड आणि कोलामांच्या वस्त्या होत्या, बंजाऱ्यांचे तांडे होते. पुढे मराठवाड्यातून माणसे यायला लागली आणि १९७२ च्या दुष्काळानंतर तर कुटुंबेच्या कुटुंबे आली. आमचे घर त्यांतलेच. मी लहान होतो. वडिलांनी बैलगाडीत भांडीकुंडी घातली आणि आम्ही पहाड चढलो. चढावर बैल धापा टाकायचे, थांबायचे. बैलाचा ऊर कसा भरून येतो, श्वास कुठे अडतो, हे वडील पोटावर हात ठेवून ओळखत. पुढे इंजिनावर हात ठेवायला शिकलो तेव्हा मला वडिलांचा तो हात आठवला.

आता इंजिनाची जन्मकथा. रुडॉल्फ डिझेल हा जर्मन अभियंता १८५८ मध्ये पॅरिसला जन्मला. वाफेचे इंजिन कोळशातली बहुतेक उष्णता वाया घालवते, हे त्याला खटकत होते. त्याची कल्पना अशी की, सिलिंडरमध्ये नुसती हवा घ्यायची आणि ती इतकी दाबायची की दाबानेच ती तापून लाल व्हावी. मग तीत तेलाचा फवारा सोडायचा. ठिणगीची गरजच नाही. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचे टोक गरम होते, ते आपण सगळ्यांनी अनुभवले आहे. तेच तत्त्व. डिझेल इंजिनात हवा मूळ आकारमानाच्या सोळाव्या ते बाविसाव्या हिश्शापर्यंत दाबली जाते आणि तिचे तापमान पाचशे अंशांच्या वर जाते. १८९३ मध्ये पहिला प्रयोग झाला, पण खऱ्या अर्थाने चालणारे इंजिन आउग्सबुर्गच्या कारखान्यात १८९७ मध्ये तयार झाले. १९१३ च्या सप्टेंबरात इंग्लंडला जाताना डिझेल बोटीवरून नाहीसा झाला. आपले नाव एक दिवस जगातल्या प्रत्येक पेट्रोल पंपावर लिहिलेले असेल, हे त्याने पाहिले नाही.

या जन्मकथेतच सगळ्या दुखण्यांचे मूळ आहे. डिझेल इंजिनाला तीनच गोष्टी लागतात. पुरेशी हवा, पुरेसा दाब, आणि योग्य वेळी बारीक फवारा. यांतले एक जरी बिघडले तरी तेल नीट जळत नाही आणि न जळलेल्याची खबर धूर देतो. चौथी गोष्ट पुस्तकात असते, पण मिस्त्री हमखास विसरतो. ती म्हणजे जळालेला वायू बाहेर पडायला मोकळी वाट. या चौथ्या गोष्टीनेच मला धडा शिकवला. तो पुढे येईल.

महाराष्ट्राच्या खेड्यात डिझेल इंजिन आले ते रस्त्याने नाही, विहिरीवर आले. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स हा कारखाना उभा राहिला. साताऱ्याच्या कूपरची इंजिनेही शेतकऱ्यांच्या माहितीची होती. मोटेच्या जागी इंजिन आले आणि 'फट् फट् फट्' असा आवाज शिवारात घुमू लागला. माझ्या मते आपल्याकडची पहिली डिझेल-विद्या या विहिरीच्या काठावर जन्मली. शाळेची पायरी न चढलेला शेतकरी लांबून आवाज ऐकून सांगायचा, 'इंजिन एक ठोका खातंय, नोजल बघा.' धूर काळा झाला की तो आधी हवेची जाळी झटकायचा.

मग ट्रक आले. १९५४ मध्ये टेल्कोने डायम्लर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रक बांधायला सुरुवात केली. इंजिनाचे हृदय म्हणजे इंधनाचा पंप आणि नोजल. ते बंगळूरला १९५१ मध्ये स्थापन झालेल्या मायको कंपनीकडून येऊ लागले. पुढे मायकोचा नाशिकचा कारखाना नोजल आणि इंजेक्टरसाठी प्रसिद्ध झाला. नाशिकला आजही मायको सर्कल नावाचा चौक आहे. चंद्रपूर-बल्लारपूरच्या कोळशाने, बल्लारपूरच्या बांबूने आणि १९८० च्या दशकात गडचांदूर-आवारपूर पट्ट्यात आलेल्या सिमेंट कारखान्यांनी आमच्या भागात ट्रक वाढवले. ट्रकमागे पंप-नोजलवाले आले, टर्नर आले, सायलेन्सर जोडणारे वेल्डर आले.

पहाडावर मात्र ट्रकपेक्षा जीप उपयोगाची होती. आधीच्या जीप पेट्रोलच्या. पुढे डिझेल स्वस्त पडते म्हणून पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसवून घेण्याची लाटच आली. १९८० च्या दशकात महिंद्राच्या जीपमध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्याने बनलेले डिझेल इंजिन येऊ लागले. १९८६ मध्ये टाटाची ४०७ आली, पाठोपाठ टाटामोबाइल हा पिकअप आला. काळी-पिवळी जीप माणसे वाहायची, पिकअप माल वाहायचा आणि अडल्यावेळी माणसेही. २००५ मध्ये टाटा एस आली आणि 'छोटा हत्ती' या नावाने घराघरात पोचली. पण घाटात ओझे ओढायला पहाडवाल्यांची पसंती राहिली ती मोठ्या पिकअपलाच. ज्याच्या घरी पिकअप, त्याच्या घरी रात्री-बेरात्री दार वाजायचे. बाळंतीण न्यायची आहे, साप चावलाय, तापाने पोर फणफणलंय. म्हणून म्हणतो, पहाडावरच्या गाडीचे दुखणे ओळखणे ही नुसती कारागिरी नव्हती.

आता धुराच्या रंगांकडे येऊ. हे रंग जगभर सारखेच आहेत.

काळा धूर म्हणजे तेल जास्त किंवा हवा कमी. आमच्या कच्च्या रस्त्यांवर पहिला संशय हवेच्या फिल्टरवर. उन्हाळ्यात मागच्या गाडीने पुढच्या गाडीची धूळ खाल्ली की फिल्टर चोक होतो. दुसरा संशय नोजलवर. फवारा बारीक न पडता थेंब पडत असेल तर तेल अर्धे जळते. तिसरा, टर्बो असलेल्या गाडीत टर्बोपासून इंजिनाकडे जाणारा रबरी होज. तो फाटला की हवा वाटेतच निसटते, शिट्टीसारखा आवाज येतो आणि चढावर गाडी बसते.

पांढऱ्या धुराचे दोन अर्थ. एक, न जळलेल्या डिझेलची वाफ. थंडीत सकाळी गाडी सुरू केल्यावर थोडा वेळ असा धूर येतो आणि इंजिन तापले की जातो, तर काळजी नको. पण तापल्यावरही येत असेल तर दाब कमी झालाय किंवा पंपाचे टायमिंग हुकले आहे. हा धूर डोळ्यांना झोंबतो. दुसरा अर्थ पाण्याचा. हेड गॅस्केट गेले की रेडिएटरचे पाणी सिलिंडरमध्ये शिरते. हा धूर डोळ्यांना तसा झोंबत नाही. कूलंट घातलेले असेल तर त्याला गोडसर वास असतो. ऑइलची पट्टी ओढून पाहावी. ऑइल चहासारखे दुधाळ दिसले तर गाडी तिथेच बंद करावी.

निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. रिंगा झिजल्या, व्हॉल्व्हचे सील गेले, किंवा टर्बोचे सील गेले. ऑइल भरायचे झाकण चालू इंजिनावर सैल करून पाहावे. झाकणातून भसाभसा वाफ येत असेल तर रिंगांची बाजू. येत नसेल तर दुसरीकडे पाहावे. इंजिन बांधायला काढण्याआधी एवढे केले तरी गरिबाचे हजारो रुपये वाचतात.

आणि चौथी, सगळ्यांत जुनी युक्ती. इंजिन ठोका खात असेल तर नोजलला जाणाऱ्या पाइपचा नट एकेक करून सैल करायचा. ज्या सिलिंडरचा नट सैल केल्यावर इंजिनाचा आवाज बदलतो, तो सिलिंडर काम करतो आहे. ज्याचा नट सैल करूनही काही फरक पडत नाही, तोच आळशी. मी स्वतः शेकडो मुलांना हे शिकवले. ही युक्तीही पुढे एक दिवस माझ्या अंगावर आली.

धुराचा रंग डोळ्याने पाहणे वेगळे आणि मोजणे वेगळे. मोजण्याची सुरुवात मोटारीमुळे झाली नाही, कोळशाच्या धुराड्यांमुळे झाली. पॅरिसचे प्राध्यापक मॅक्सिमिलियाँ रिंगेलमन यांनी १८८८ च्या सुमारास एक सोपा तक्ता केला. पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांची जाळी. एका कागदावर रेघा बारीक, दुसऱ्यावर जाड. लांब टांगलेला तक्ता आणि धुराडे एकाच वेळी पाहायचे आणि धूर कोणत्या नंबराशी जुळतो ते सांगायचे. नंतर इंग्लंडच्या हार्ट्रिज कंपनीचे यंत्र आले. ठरावीक लांबीच्या नळीत धूर घ्यायचा, एका टोकाला दिवा लावायचा आणि दुसऱ्या टोकाला किती उजेड पोचतो ते पाहायचे. शून्य म्हणजे स्वच्छ हवा, शंभर म्हणजे संपूर्ण काळोख. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत डिझेल गाड्यांसाठी ही हार्ट्रिज मोजणी आली. गाडी उभी ठेवून पूर्ण रेस द्यायची आणि धूर ६५ च्या आत असला पाहिजे. भारत स्टेज चारच्या गाड्यांसाठी ही मर्यादा ५० केली गेली. आपण ज्याला 'पीयूसी काढणे' म्हणतो, त्या कागदामागे एवढा इतिहास आहे.

आता माझ्या चुकीची गोष्ट. २००७ चा डिसेंबर. पहाडावरच्या एका तांड्यावरचे गृहस्थ आपला पिकअप घेऊन माझ्याकडे आले. कर्जाची गाडी, हंगाम ऐन भरात. तक्रार अशी की, गाडी घाटात ओढत नाही, काळा धूर टाकते, तापते. मी बॉनेट उघडले. हवेचा फिल्टर स्वच्छ होता. होज धड होते. रेस दिली, काळा लोट आला. मी निदान सांगून टाकले, 'पंप-नोजल.' ते म्हणाले, 'सर, मागच्या महिन्यात नाल्यात खालून दगड लागला होता...' मी त्यांना पुरते बोलूही दिले नाही. 'दगडाचा आणि धुराचा काय संबंध?' असे म्हणालो. माणूस साधा, मोठ्या विश्वासाने आलेला. गप्प बसला.

पंप उतरवला, चंद्रपूरला पाठवला. नोजल नवे टाकले. साडेअकरा हजार रुपये लागले. त्यांनी त्यासाठी एक गोऱ्हा विकला, हे मला नंतर कळले. गाडी जोडली, रेस दिली. धूर तसाच. मग मी टायमिंग बदलून पाहिले, व्हॉल्व्हची फट तपासली. असे सतरा दिवस गेले. कापसाचा हंगाम गाडीवाचून गेला आणि हप्ता थकला.

अठराव्या दिवशी त्यांचा मुलगा सोबत आला. नववी-दहावीतला पोरगा. मी गाडी चालू ठेवून कान लावून उभा होतो. तो मागे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, 'सर, आधी मागं माल चढवताना नळीची हवा पिंढरीला लागायची. चटका बसायचा. आता लागतच नाही.'

मी तसाच मागे गेलो. नळीच्या तोंडाजवळ तळहात धरला. चार सिलिंडरच्या इंजिनाचा श्वास जोरात हाताला लागायला हवा होता. लागला तो म्हाताऱ्याच्या फुंकरीसारखा. इंजिन थंड होऊ दिले आणि सायलेन्सरच्या आधीचा जोड सैल केला. पुन्हा चालू केले. कान फाटेल असा आवाज झाला, पण इंजिन मोकळे झाले. धूर जवळजवळ गेला. सायलेन्सर कापला तेव्हा आतला पत्रा तुटून वाटेत आडवा पडलेला दिसला. दगडाने केलेले ते काम. जळालेला वायू बाहेर जात नाही, म्हणून ताजी हवा आत येत नाही, हवा कमी म्हणून काळा धूर. निदान करताना मी धूर पाहिला, इंजिन ऐकले, पण माणसाचे ऐकले नाही.

मी पैसे परत देऊ केले. त्यांनी घेतले नाहीत. 'पैसे राहू द्या सर, पोराला शिकवा,' एवढेच म्हणाले. मुलगा दहावीनंतर माझ्याच वर्गात आला. त्यानंतर मी प्रत्येक तुकडीला पहिल्या दिवशी हेच शिकवले की, पान्हा हातात घेण्याआधी मालकाला विचारा. दुखणे कधी सुरू झाले? त्याआधी काय घडले? डिझेल कुठे भरले? आणि तो बोलत असताना मध्ये बोलू नका.

'डिझेल कुठे भरले' या प्रश्नालाही इतिहास आहे. रेशनचे रॉकेल निळ्या रंगाचे का, तर ते ओळखू यावे म्हणून. रॉकेल स्वस्त आणि डिझेल महाग, त्यामुळे भेसळ हा मोठा धंदा झाला. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ अशी भेसळ रोखायला गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. साऱ्या महाराष्ट्राला हादरवणारी ती घटना होती. आमच्या गॅरेजात ही भेसळ वेगळ्या रूपात यायची. डिझेलला स्वतःचा तेलकटपणा असतो, त्यावरच पंपाचे आतले भाग घसरतात. रॉकेल कोरडे. त्यामुळे पंप झिजतो, गाडी गरम झाल्यावर सुरू होत नाही, ताकद जाते. एका भागातल्या तीन-चार गाड्यांचे पंप एकाच महिन्यात आले की आम्ही समजायचो, दोष गाड्यांचा नाही.

यानंतर काळ झपाट्याने बदलला. एकेकाळी आपल्या डिझेलमध्ये दहा लाख भागांत दहा हजार भागांपर्यंत गंधक असे. १९९६ पासून ते टप्प्याटप्प्याने उतरत गेले. भारत स्टेज तीनला साडेतीनशे, चारला पन्नास आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या स्टेज सहाला फक्त दहा. इंजिनेही बदलली. पूर्वी पंपच प्रत्येक नोजलला आळीपाळीने तेल पाठवायचा आणि नोजल दीडशे-दोनशे बार दाबाला उघडायचे. आता कॉमन रेल आली. एका जाड नळीत सोळाशे बार आणि त्याहून अधिक दाबाने तेल सतत भरलेले असते, आणि कधी किती सोडायचे हे संगणक ठरवतो. गाडीच्या टायरमधल्या हवेच्या कित्येक शे पट हा दाब.

माझ्या वर्कशॉपमध्ये कॉमन रेलचे पहिले इंजिन आले तेव्हाची गोष्ट. एका मुलाने, मीच शिकवलेले म्हणून, चालू इंजिनावर पाइपच्या नटाला पान्हा लावला. मी ओरडलो. नट जेमतेम हलला होता. बारीक फवारा उडाला आणि त्याच्या हातमोज्याच्या टोकाला सुईसारखे भोक पडले. बोट थोडक्यात वाचले. हे तेल कातडीत घुसले तर जखम टाचणीएवढी दिसते, पण आतला मांसल भाग सडतो आणि बोट, कधी हातही कापावा लागतो. श्रोत्यांत कोणी मिस्त्री असतील तर त्यांनी लक्षात ठेवावे. असा फवारा लागला तर दुखत नाही म्हणून घरी बसू नये, तातडीने शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जावे. तीस वर्षे जी युक्ती मी अभिमानाने शिकवली, ती त्या दिवशी मी फळ्यावर लिहून तिच्यावर फुली मारली. जुनी विद्या खोटी ठरली नव्हती, इंजिन बदलले होते.

मग स्कॅनर आला. गाडीत एक सॉकेट असते, त्यात वायर लावली की गाडी आपला दोष नंबरात सांगते. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने १९८८ पासून नव्या गाड्यांना अशी व्यवस्था सक्तीची करायला सुरुवात केली. आपल्याकडे २०१० पासून ती पायरीपायरीने आली. नव्या मुलांना वाटते, नंबर आला म्हणजे निदान झाले. तसे नसते. 'टर्बोची हवा कमी' असा नंबर आला तर टर्बोच बिघडला असे नाही. होज फाटला असेल, फिल्टर चोक असेल, किंवा सेन्सरची वायर उंदराने कुरतडली असेल. गाडीला काय जाणवले तेवढे स्कॅनर सांगतो. तसे का जाणवले, ते माणसालाच शोधावे लागते. रुग्ण सांगतो, पोट दुखते. पोटात काय झाले ते डॉक्टरने पाहायचे.

आणि यंत्र खोटेही बोलू शकते. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत फोक्सवॅगनचे प्रकरण बाहेर आले. त्यांच्या डिझेल गाड्यांतला संगणक ओळखायचा की, आपली तपासणी चालू आहे, आणि तेवढ्यापुरता धूर स्वच्छ करायचा. हे कसे पकडले गेले? वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी मोजणीचे यंत्र गाडीतच बसवले आणि गाडी रस्त्यावर चालवून नळीतून येणारा वायू मोजला. जगभरात एक कोटीहून अधिक गाड्यांत ही चलाखी होती. भारतातही कंपनीने सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे जाहीर केले. यात माझ्यासारख्या रंग पाहणाऱ्यांनाही धडा होता. त्या गाड्यांतून निघणारे नायट्रोजनचे वायू डोळ्याला दिसत नाहीत. नळी स्वच्छ दिसली म्हणजे हवा स्वच्छ आहे असे नाही.

शेवटी आजची गोष्ट. स्टेज सहाच्या बऱ्याच पिकअपना सायलेन्सरच्या वाटेत काजळीचा फिल्टर असतो. त्याला डीपीएफ म्हणतात. तो काजळी अडवतो, साठवतो आणि नळीतले तापमान सहाशे अंशांच्या आसपास गेले की जाळून टाकतो. त्यासाठी गाडी काही वेळ एकसारखी चालायला हवी. पहाडावर काय होते? गाडी दोन किलोमीटर जाते, थांबते. बाजारात चालू ठेवून माल उतरतो. फिल्टर तापतच नाही. काजळी साचते, लाइट लागतो, गाडी आपणहून ताकद कमी करते. भर घाटात, ओझे असताना. मग मालक म्हणतो, 'काढून टाका ते झंझट.'

ज्या मुलाच्या पिंढरीला एकेकाळी हवा लागली नव्हती, त्याचे आता जिवतीत गॅरेज आहे. मागच्या वर्षी त्याने मला फोन केला. 'सर, एक जण डीपीएफ कापून द्या म्हणतो. नाही म्हटलं तर दुसरीकडे जाईल. काय करू?' मी लगेच उत्तर देऊ शकलो नाही. मालकाचा हप्ता मला कळतो. सतरा दिवस उभी राहिलेली गाडी मी विसरलेलो नाही. पण २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. आयुष्यभर आम्ही तो धूर नाकाने हुंगून निदान केले. माझ्याबरोबरचे किती मिस्त्री म्हातारपणी धापा टाकत होते, ते मी पाहिले आहे. धुरामुळेच की विडीमुळे, हे मी ठरवू शकत नाही. पण गाडीच्या मागे माल चढवत उभी असतात ती घरचीच पोरे, हे मला माहीत आहे.

मी त्याला म्हटले, 'कापू नकोस. कायद्यात बसत नाही, हे तर आहेच. पण आधी मालकाला बसव आणि विचार. गाडी दिवसात किती चालते? उभी किती असते? ऑइल कोणते टाकतो?' या गाड्यांना कमी राख देणारे ऑइल लागते. साधे टाकले तर फिल्टर राखेने भरतो आणि ती राख जळत नाही. नोजल थेंब टाकत असेल किंवा होज फाटला असेल तर काजळी मुळातच जास्त बनते. म्हणजे फिल्टर भरणे हे पुष्कळदा दुखणे नसते, दुखण्याची खूण असते. त्याने विचारले. ऑइल चुकीचे होते आणि एक होज चिरलेला होता. दोन्ही बदलले, स्कॅनर लावून फिल्टर जाळून घेतला, आणि मालकाला सांगितले की, आठवड्यातून एकदा खाली उतराल तेव्हा गडचांदूर-राजुरा रस्त्यावर अर्धा तास न थांबता चालवा. ती गाडी चालते आहे. सगळ्याच गाड्यांचे असे होईल, असे मी म्हणत नाही. काहींचा फिल्टर बदलावाच लागतो आणि तो महाग आहे. पहाडावरच्या माणसाला तो खर्च कसा झेपावा, याचे उत्तर एकट्या मिस्त्रीकडे नाही. गाडी बनवणाऱ्यांनी आणि नियम करणाऱ्यांनीही एकदा भरल्या गाडीत बसून हा घाट चढून पाहावा.

त्या दिवशी फोन ठेवताना तो म्हणाला, 'सर, तरी मी अजून आधी नळीला हात लावून बघतो.' मी म्हटले, 'लाव. पण तोंडाला फडका बांध.'